हायब्रीड गाडी घ्यायची? आधी वही-पेन घ्या

भाईजान १९ वर्षे दुबईत राहून मागच्या वर्षी कायमचे महाडला परतले. आल्यावर महिनाभरातच घरात गाडीचा विषय निघाला. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, गाडी घ्यायची तर हायब्रीड. तिकडे टोयोटा कॅमरी हायब्रीडच्या टॅक्सीत ते शेकडो वेळा बसलेले. सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिनाचा आवाज बंद, हिरवा लागला की आवाज न करता पुढे. "टॅक्सीवाले लाखो किलोमीटर पळवतात, मग आपल्याला काय अडचण?" असा त्यांचा सवाल.

सवाल चुकीचा नव्हता. पण पैसे १९ वर्षांच्या कमाईतले होते. त्याच पैशांतून पुतणीची फार्मसीची फी जायची होती आणि घराचा स्लॅबही दुरुस्त व्हायचा होता. आम्ही शाळेत गणित शिकवतो, म्हणून घरच्यांनी हिशेबाचे काम आमच्याकडे दिले. तीन आठवडे आम्ही कोटेशन गोळा केली, गाडी चालवून पाहिली, वहीत आकडे मांडले. आपल्यापैकी अनेक घरांत आज हीच चर्चा चालू असेल, म्हणून तो हिशेब इथे मांडत आहोत. आमचे उत्तर तुमचे उत्तर असेलच असे नाही. रीत मात्र सगळ्यांना उपयोगी पडेल.

हायब्रीड म्हणजे नेमके काय?

पहिला घोळ नावातच आहे. बाजारात "हायब्रीड" या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

एक माइल्ड हायब्रीड. यात इंजिनाला एक छोटी मोटार जोडलेली असते. ती गाडी सुरू करताना आणि वेग घेताना थोडा हात देते. पण नुसत्या बॅटरीवर ही गाडी चालत नाही. २०१५ साली मारुतीच्या सियाझमध्ये एसएचव्हीएस नावाने आले होते ते हेच तंत्र.

दुसरी स्ट्राँग हायब्रीड. हिच्यात मोठी बॅटरी आणि ताकदीची मोटार असते, आणि काही अंतर गाडी खरोखर विजेवर धावते. टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आणली, तेव्हापासून हे तंत्र रस्त्यावर आहे. म्हणजे जवळजवळ तीन दशके तावून-सुलाखून निघालेली गोष्ट आहे, कालपरवाचा प्रयोग नाही.

शोरूममध्ये गेल्यावर एकच प्रश्न विचारा, "इंजीन बंद ठेवून ही गाडी नुसत्या बॅटरीवर चालते का?" उत्तर "नाही" असेल तर ती माइल्ड, आणि तिच्यासाठी जास्तीचे लाखो रुपये मोजायचे कारण नाही.

आणखी एक गैरसमज. स्ट्राँग हायब्रीडला चार्जरची वायर लावावी लागत नाही. ती पेट्रोलवरच चालते. बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक मारताना वाया जाणाऱ्या शक्तीवर भरते.

आम्ही पाहिलेली गाडी

मध्यम आकाराच्या फॅमिली सेडानमध्ये स्ट्राँग हायब्रीड म्हणून आपल्याकडे मुख्यतः होंडा सिटीचे नाव येते. तिचे ई-एचईव्ही मॉडेल मे २०२२ मध्ये आले, तेव्हा एक्स-शोरूम किंमत साडेएकोणीस लाख होती. कॅमरीही भारतात मिळते, पण तिची किंमत याच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे आम्ही तिचा विचार सोडला. व्हर्ना, स्लाव्हिया, व्हर्टस या याच आकाराच्या गाड्या पेट्रोलवरच्या आहेत.

सिटी हायब्रीडमध्ये दीड लिटरचे पेट्रोल इंजीन आहे आणि दोन मोटारी. एक मोटार वीज तयार करते, दुसरी चाके फिरवते. नेहमीसारखा गिअरबॉक्स नाही. गाडी तीन प्रकारे चालते, आणि ती कोणत्या प्रकाराने चालावी हे कॉम्प्युटर स्वतः ठरवतो.

हळू वेगात इंजीन बंद, बॅटरी मोटारीला वीज देते आणि मोटार चाके फिरवते. जोर लागला की इंजीन सुरू होते, पण ते थेट चाके फिरवत नाही. ते वीज तयार करते आणि त्या विजेवर मोटार चालते. तिसरा प्रकार हायवेचा. एकसारख्या वेगात इंजीन थेट चाकांना जोडले जाते, कारण तिथे तेच स्वस्त पडते.

ही शेवटची ओळ नीट लक्षात ठेवा. हायवेवर हायब्रीड बऱ्याच अंशी साध्या पेट्रोल गाडीसारखी चालते. हायब्रीडची खरी कमाई आहे थांबत-चालत जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये. तिथे साधी गाडी उभ्या-उभ्या पेट्रोल पिते आणि प्रत्येक ब्रेकला कमावलेला वेग उष्णता म्हणून उडवून टाकते. हायब्रीड उभी असताना इंजीन बंद ठेवते आणि ब्रेकमधली शक्ती बॅटरीत परत घेते.

ॲव्हरेजचा आकडा कसा वाचावा?

कंपनीचा दावा लिटरला २७.१३ किलोमीटरचा आहे. त्याच सिटीच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकचा १८.४. हे आकडे प्रमाणित चाचणीतले असतात. गाडी रोलरवर ठरलेल्या वेगाने पळवतात, एसी बंद असतो, मागे चार माणसे आणि सामान नसते. हा आकडा खोटा नसतो, दोन गाड्यांची तुलना करायला तो बरा आहे. पण आपल्या खिशाचा हिशेब त्यावर मांडू नये.

आता एक शाळेतले गणित. दोन घरे आहेत. पहिल्या घराने १० चे ॲव्हरेज देणारी गाडी विकून १५ ची घेतली. दुसऱ्याने २० ची विकून २५ ची घेतली. दोघांचे ॲव्हरेज पाचनेच वाढले. १०० किलोमीटरला कोणाचे किती पेट्रोल वाचले?

पहिल्याला आधी १० लिटर लागायचे, आता ६.६७. वाचले ३.३३ लिटर. दुसऱ्याला आधी ५ लागायचे, आता ४. वाचले फक्त १ लिटर. आमच्या नववीच्या वर्गात हे उदाहरण दिले की निम्मी मुले "सर, दोघांचे सारखेच" म्हणतात. मोठी माणसेही शोरूममध्ये हीच चूक करतात. म्हणून ॲव्हरेज बाजूला ठेवा आणि किलोमीटरला किती रुपये पडतात ते काढा. पेट्रोलचा दर भागिले ॲव्हरेज, इतके सोपे आहे.

आमच्या वहीतला हिशेब

पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले. हायब्रीड आणि तीच गाडी साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये, या दोघांच्या किमतीतला फरक साडेतीन लाख धरला. तुमच्या शहरातल्या ऑन-रोड कोटेशनवरून तुम्ही तुमचा फरक घाला. प्रत्यक्षातले ॲव्हरेज आम्ही अंदाजाने धरले आहे, तेही आपापल्या अनुभवाने बदलून पाहा.

गर्दीच्या शहरात: पेट्रोल गाडी १३, हायब्रीड २१. किलोमीटरला ८ रुपये ८ पैसे आणि ५ रुपये. वाचले ३ रुपये ८ पैसे.

मोकळ्या हायवेवर: पेट्रोल गाडी १८, हायब्रीड २२. किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे आणि ४ रुपये ७७ पैसे. वाचला १ रुपया ६ पैसे.

आता साडेतीन लाखाला या बचतीने भागा. शहरात पैसे वसूल व्हायला सुमारे १ लाख १४ हजार किलोमीटर लागतात. हायवेवर सुमारे ३ लाख ३० हजार. गाडी तीच, किंमत तीच, फक्त रस्ता वेगळा आणि उत्तर जवळजवळ तिप्पट.

भाईजानचा वापर काढला. महिन्यातून दोनदा महाड ते मुंबई जाऊन-येऊन, बाकी गावातल्या गावात. वर्षाला ९ हजार किलोमीटर, त्यातले ७ हजार मुंबई-गोवा हायवेवरचे. हायवेची बचत ७,४२० रुपये, गावातली ६,१६०. मिळून वर्षाला १३,५८०. साडेतीन लाख वसूल व्हायला पंचवीस वर्षांहून जास्त. भाईजान आज ५२ वर्षांचे आहेत. आकडा वाचून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग मोठ्या पुतणीच्या नवऱ्याचा हिशेब केला. जावईबापू मुंब्र्याला राहतात. हॉस्पिटलमधली मशिनं दुरुस्त करायचे काम, त्यामुळे अवजारे घेऊन रोज ठाणे, अंधेरी, दादर असे फिरणे. वर्षाला २० हजार किलोमीटर आणि बहुतेक ट्रॅफिकमधले. त्यांची बचत वर्षाला ६१,६०० रुपये. पावणेसहा वर्षांच्या आत फरक वसूल. त्यानंतर चालवाल तितका फायदा.

एकाच घरातली दोन माणसे, एकच गाडी. एकाला ती तोट्याची, दुसऱ्याला फायद्याची. "हायब्रीड चांगली की वाईट?" या प्रश्नाला म्हणूनच सरसकट उत्तर नाही.

कर्ज काढत असाल तर

आपल्यातले अनेक जण व्याजाचा व्यवहार टाळतात आणि रोखीनेच गाडी घेतात. त्यांच्यासाठी प्रश्न असा की जास्तीचे साडेतीन लाख एकदम अडकतात. ते फीसाठी, उपचारासाठी किंवा धंद्यासाठी लागणार आहेत का, हे घरात बसून आधी ठरवावे.

ज्यांना बँकेच्या हप्त्यांशिवाय मार्ग नाही त्यांनी हिशेबात व्याजही धरावे. साडेतीन लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे ७,३५० रुपये बसतो. म्हणजे एकूण सुमारे ४ लाख ४१ हजार, त्यातले ९१ हजार नुसते व्याज. जावईबापूंचा पावणेसहा वर्षांचा हिशेब मग सात वर्षांच्या पुढे जातो. पेट्रोलवर वाचवलेले व्याजात जाते.

सरकारी सवलतीबद्दलही गैरसमज आहे. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, म्हणून हायब्रीडलाही तशीच सूट असेल असे लोकांना वाटते. सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांत या आकाराच्या हायब्रीड सेडानला ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे तिच्या पेट्रोल बहिणीइतकाच.

बॅटरीची भीती किती खरी?

"बॅटरी गेली की लाखाचा खड्डा" हे वाक्य आम्ही दहा जणांकडून ऐकले. भीती अगदी निराधार नाही, बॅटरी महाग असतेच. पण सिटी हायब्रीडच्या बॅटरीवर कंपनीची वॉरंटी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे, जे आधी होईल ते. जावईबापूंचे २० हजार किलोमीटर आठ वर्षांत बरोबर तिथेच पोहोचतात, आणि त्यांचे पैसे त्याआधीच वसूल झालेले असतात.

सेकंड हँड हायब्रीड घेत असाल तर मात्र तीन गोष्टी कागदावर मागा. बॅटरी तपासणीचा रिपोर्ट, सर्व्हिसिंगची पूर्ण नोंद आणि उरलेली वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते की नाही याचा लेखी खुलासा. गल्लीतला मेकॅनिक कितीही हुशार असला तरी नारिंगी रंगाच्या जाड वायरींना त्याला हात लावू देऊ नका. तो हाय-व्होल्टेजचा भाग आहे, त्यासाठी प्रशिक्षण लागते.

ज्यांच्या घरचे आखातात आहेत त्यांच्यासाठी एक खास सूचना. सुट्टीला आल्यावर महिनाभर वापरायची आणि अकरा महिने कव्हर घालून ठेवायची, यासाठी हायब्रीड घेऊ नये. उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते. घरात कोणीतरी ती अधूनमधून नीट चालवणारा हवा.

आणि पूर. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले तेव्हा आम्ही रस्त्यावरच्या गाड्या बुडताना पाहिल्या आहेत. चिपळूणकरांनीही तेच पाहिले. हायब्रीड पाण्यात बुडाली तर ती सुरू करायचा प्रयत्न करू नका, ढकलतही नेऊ नका, टोईंग करून सर्व्हिस सेंटरला पाठवा. विमा घेताना इंजीन आणि हायब्रीड बॅटरी या दोन्हींचे पुराचे नुकसान त्यात येते का, हे वेगळे विचारा. साध्या पॉलिसीत ते येईलच असे धरू नका.

अम्मींची परीक्षा

इथपर्यंत सगळे आकड्यांचे झाले. पण गाडी घरातली माणसे वापरतात. टेस्ट ड्राइव्हला आम्ही अम्मींना मुद्दाम घेऊन गेलो. त्यांचे वय ७६, गुडघे दुखतात, लांब चालायचे असले की घडीची व्हीलचेअर लागते.

गाडी चालवायला खरोखर छान आहे. पार्किंगमधून बाहेर पडली ती आवाज न करता. मोटारीचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, चढावर पिकअप चांगला वाटला. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि वेग मागून येतो, त्याची सवय लागते. सहा एअरबॅग आहेत, समोर अडथळा आला तर स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणाही आहे. ही यंत्रणा कॅमेऱ्यावर चालते. जिथे रस्त्यावरचे पांढरे पट्टेच पुसलेत तिथे लेन सांभाळण्याचे काम तिच्यावर सोडून चालणार नाही.

मग व्हीलचेअर डिक्कीत ठेवायला गेलो. साध्या सिटीची डिक्की ५०६ लिटरची आहे. हायब्रीडची ३०६, कारण बॅटरी मागच्या बाजूला बसवली आहे. व्हीलचेअर गेली, पण तिच्यासोबत एक मोठी बॅग जाईना. ईदला पाच माणसे, व्हीलचेअर, दोन बॅगा आणि परतीला आंब्याची पेटी, हे सगळे त्या डिक्कीत बसणार नव्हते.

अम्मी मागच्या सीटवर आरामात बसल्या होत्या. पाय पसरायला जागा भरपूर. पण उतरताना त्यांनी भाईजानचा हात घट्ट धरला आणि दोनदा प्रयत्न करून उठल्या. "बेटा, गाडी छान आहे, पण खूप खाली आहे," त्या म्हणाल्या. सेडानची सीट खाली असते, हायब्रीड असो वा पेट्रोल. ही गोष्ट कोणत्याही कोटेशनवर लिहिलेली नसते.

शेवटी काय झाले?

भाईजानने हायब्रीड घेतली नाही. त्यांनी उंच सीटची, साधी पेट्रोल गाडी घेतली, रोखीने. वाचलेल्या पैशांतून पुतणीची दोन वर्षांची फी बाजूला ठेवली. जावईबापूंनी मात्र सिटी हायब्रीड बुक केली. त्यांच्या अवजारांची पेटी डिक्कीत बसते हे त्यांनी स्वतः पेटी नेऊन पाहिले.

दुबईच्या टॅक्सीबद्दल भाईजानचे म्हणणे खरेच होते. टॅक्सी दिवसभर शहरात फिरते, थांबते, निघते, आणि वर्षाला इतकी चालते की फरक लवकर वसूल होतो. ती जावईबापूंच्या जातकुळीची आहे. महिन्यातून दोनदा मुंबईला जाणाऱ्या घरासाठी तो दाखला लागू पडत नाही.

गाडी बघायला निघण्याआधी या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा:

१. वर्षाला आपण किती किलोमीटर चालवतो? अंदाज नको. जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलांवर मीटरचे आकडे असतात, त्यावरून काढा.

२. त्यातले ट्रॅफिकमधले किती, हायवेचे किती?

३. दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत फरक किती? कर्ज असेल तर व्याजासह किती?

४. किलोमीटरला किती रुपये वाचतात, आणि फरक वसूल व्हायला किती वर्षे लागतात? ही वर्षे बॅटरीच्या वॉरंटीच्या आत आहेत का?

५. हायब्रीडचे काम येणारे सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे?

६. आपले नेहमीचे सामान डिक्कीत बसते का? स्टेपनी कुठे आहे?

७. घरातली सर्वात वयस्कर व्यक्ती एकटीने बसू-उतरू शकते का?

८. पाचही माणसे बसवून गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून गाडी खाली न घासता जाते का?

फरक आठ वर्षांच्या आत वसूल होत असेल आणि सहावा-सातवा प्रश्न सुटत असेल, तर हायब्रीड जरूर घ्या. पेट्रोल कमी जळेल, धूर कमी होईल, ट्रॅफिकमध्ये डोकेही शांत राहील. नसेल सुटत, तर शेजारच्या दारात उभी आहे म्हणून घेऊ नका. कष्टाचा पैसा आहे, त्याला वहीतली चार पाने द्यायला हरकत नाही.

अल्लाह सर्वांचा प्रवास सुखरूप करो.